धुळीचं मूळ गाव

मराठवाड्यात नवा माणूस भेटला की चहा यायच्या आत विचारणा होते, "मूळ गाव कुठलं?" संभाजीनगरात मे महिन्यात गच्चीवर साचणाऱ्या धुळीची मात्र कुणी चौकशी करत नाही. झाडू मारला, विषय संपला. वास्तविक तिच्यातली काही मंडळी भलतीच लांबची असतात. लघुग्रहांचा, धूमकेतूंचा चुरा वर्षाला हजारो टन पृथ्वीवर उतरतो. सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने येतो, ८०-१०० किलोमीटर उंचीवर तापून वितळतो आणि गोल होऊन थिजतो. लोखंड, निकेल, ऑलिव्हिन असला ऐवज.

लोहचुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून पन्हाळीतल्या वाळलेल्या गाळावर फिरवा. काळे, चकचकीत, खसखशीहून बारीक गोळे चिकटतील. शेजाऱ्यांना हाक मारण्याआधी वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती आठवाव्यात! वेल्डिंगच्या ठिणग्याही हवेत अशाच गोल थिजतात. साध्या भिंगाखाली दोघे सारखेच. पोटातलं रसायन तपासल्याशिवाय कोण कुठला ते कळत नाही.

हाच पेच खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या चमूपुढे आला, तोही जिवंत कणांच्या बाबतीत. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड बलून सोडला. खाली ४५९ किलोचं सामान, त्यात द्रवरूप निऑनमध्ये गारठवलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्या. त्यांनी २० ते ४१ किलोमीटरांदरम्यानची हवा भरून आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत वेगवेगळी तपासणी झाली. बारा जिवाणू निघाले, सहा बुरश्या. तीन जिवाणू तर अगदी नवे, अतिनील किरणांना नातेवाइकांपेक्षा कमी दाद देणारे. रीतसर बारसं झालं: एकाला इस्रोचं नाव, एकाला आर्यभटाचं, एकाला फ्रेड हॉइल यांचं. हॉइल नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. जीवसृष्टीचं बी अंतराळातून आलं असं आग्रहाने मांडणारे. अशी गुरुदक्षिणा क्वचितच कुणाला मिळाली असेल.

पण हे पाहुणे वरून खाली येत होते की खालून वर गेले होते? इस्रोनेच सांगून टाकलं, ते परग्रहाचे असल्याचं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू मध्य भारतातल्या काळ्या मातीत, सोयाबीनच्या मुळांशी सापडला. तिथे तो मातीत अडकलेलं जस्त पिकासाठी मोकळं करतो. आमच्याकडच्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, आमचाच आहे, वावटळीत उडाला असेल. वावटळ ४१ किलोमीटर चढत नाही, हे त्याला पटवून बघा.