काकडीचा मानपान

पाणी विकत घ्यायची लाज आपल्याला कधीच वाटेनाशी झाली. आता प्यायचं पाणी वेगळं आणि तोंड पुसायचं वेगळं. आणि दुसरं पहिल्याहून कितीतरी महाग.

या दुसऱ्याला मायसेलर वॉटर म्हणतात. कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं, चेहऱ्यावरून फिरवायचं; मेकअप आणि रस्त्याची धूळ बोळ्यावर. फ्रान्सच्या बायोडर्माने नव्वदच्या दशकात ते बाजारात रुळवलं आणि आज बहुतेक प्रत्येक कंपनीची अशी एक बाटली असते. समोर काकडीची फोड, नाहीतर गुलाबाची पाकळी. मागे घटकांची यादी, ती वाचायला भिंग लागतं. कंपनीचा संकोच समजण्यासारखा आहे.

ही यादी लग्नपत्रिकेसारखी वाचावी. नियमच आहे की ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव वर. निमंत्रक अर्थातच पाणी. एक टक्क्याच्या आतल्या मंडळींना मात्र कसंही बसवता येतं; तिथे मानपान संपतो आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’वाली चिल्लीपिल्ली सुरू होते. बायोडर्माच्या सेन्सिबियोत दुसरं नाव पेग-6 कॅप्रिलिक/कॅप्रिक ग्लिसराइड्सचं. हाच नवरदेव, मळ तोच काढतो. मग मॅनिटॉल, झायलिटॉल, ऱ्हॅमनोज ही साखरेची भावकी. काकडीचा अर्क त्यांच्याही मागे. गार्नियरच्या गुलाबी टोपणवाल्या बाटलीत पाण्यामागोमाग हेक्झिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. मळ काढणारे डायसोडियम कोकोअँफोडायअसिटेट आणि पोलोक्सॅमर 184 त्यानंतर. दोन्ही मांडवांत डायसोडियम ईडीटीए हजर. पाण्यातल्या कॅल्शियमसारख्या धातूंना धरून ठेवणारे हे गुरुजी, त्यांच्यावाचून कार्य उरकत नाही.

या दोन पक्षांच्या समर्थकांत कमालीची चुरस. अमकीने डोळे चुरचुरतात, तमकीने गाल तुकतुकीत होतात. पण कोको म्हणजे नारळ, आणि कॅप्रिलिक, कॅप्रिक ही आम्लंही नारळाच्या नाहीतर पामच्या बियांच्या तेलातूनच काढतात. दोघांचं आजोळ एक निघालं!

राहता राहिलं ते विज्ञान, ज्याचे पैसे आपण मोजतो. मळ काढणाऱ्या या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात ते पुरेसे झाले की तेलकट टोकं आत आणि पाणवेडी टोकं बाहेर ठेवून सूक्ष्म गोळे करतात. हेच मायसेल. तेलकट मेकअप आतल्या बाजूला अडकतो आणि बोळ्यावर येतो. शोध सुंदर आहे, पण भांड्यांच्या साबणाच्या पाण्यातही हेच चालतं, आणि रिठ्याच्या फेसातही. रिठ्यातली सॅपोनिनं पिढ्यानपिढ्या मायसेल करत आली. त्यांच्या बाटलीवर फ्रेंच नाव नव्हतं, म्हणून ती परसातच राहिली.

गुलाबपाणी हेच काम करतं, असं म्हणणारा एक स्वदेशी पक्षही आहे. करत नाही. गुलाबपाणी म्हणजे पाकळ्यांच्या वाफेचं पाणी. स्वस्तातलं असेल तर पाणी, सुगंध आणि टिकवायचं रसायन. तेलाला ओढणारं त्यात काही नाही, त्यामुळे काजळ फक्त जागा बदलतं, डोळ्यांतून गालावर.

काय आहे यापेक्षा काय नाही याचीच जाहिरात मोठी: पॅराबेन नाही, अल्कोहोल नाही, साबण नाही. विंचूही नाही, पण तसं छापलेलं अजून पाहण्यात नाही. आणि सगळ्यांत ठळक, ‘धुवायची गरज नाही’. म्हणजे मळ काढणारं रसायन चेहऱ्यावरच मुक्कामाला. त्याने नाजूक त्वचेला खाज सुटू शकते; म्हणून पुसल्यावर धुवा, असं सांगणारे त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळ आहेत. ते बाटल्या विकत नाहीत, हा त्यांचा दोष.

तेव्हा भगिनींनो (आणि लपून वापरणाऱ्या बंधूंनो), काकडीच्या चित्राचे जादा पैसे देऊ नका. सुगंध नसलेली, त्यातल्या त्यात स्वस्त बाटली घ्या, आणि पुसून झालं की साध्या पाण्याने तोंड धुवा. नळाला आलं असेल तर.