मोराला शेरा

केंद्राच्या 2020च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर 2 तास. आमची कन्या पहिलीत, तेव्हा तिला गृहपाठ नसतोच. तो मला असतो. रविवारी रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर निरोप आला : उद्या डाळी चिकटवून मोर आणणे. स्टेशनरीवाल्याचं शटर खाली. मग घरीच मैद्याची खळ शिजवली. मुगाची मान, मसुराचा पिसारा. सकाळी मोर ओलाच, म्हणून तो मंगळवारी शाळेत गेला. डायरीत लाल शाईचा शेरा : ‘काम वेळेवर करावे. पालकांची सही आणावी.’ केली सही. दिवाळीआधी तपासायला दिलेली गणिताची वही मात्र अजून बाईंकडेच आहे. तिच्यावर सही कुणाची घ्यायची, एवढंच विचारायचं होतं. हळूच.