दीडशे पिनबॉल आणि एक ट्रॅक्टर

छत्रपती संभाजीनगरची एक थोर परंपरा फार दिवस खंडित आहे. ती पुन्हा सुरू करावी, अशी नम्र सूचना घेऊन आजचं सदर हजर आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा प्रतिष्ठित मंडळींनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. देशभर बातम्या झळकल्या. तोवर बाहेरच्या माणसाला आपलं शहर ठाऊक होतं ते वेरूळ-अजिंठ्याला जाताना मुक्काम करायचं ठिकाण म्हणून. आणि बीबी का मकबरा दाखवायला नेलं, तर पाहुणा ताजमहालाशी तुलना करून आपला अपमान करायचा. दीडशे मर्सिडीजची नक्कल मात्र कोणाला सहजी करता येणार नव्हती. भाव करायचा तर घाऊक करावा, ही मोंढ्यातली अक्कल आपण जर्मन कंपनीला शिकवली.

पण आता मर्सिडीजचं कोणाला काय कौतुक? मंगल कार्यालयाच्या दारात चार उभ्या असतात आणि वऱ्हाडी त्यांना टेकून मसाला दूध पितात. शहराला नवं काहीतरी हवं. म्हणून प्रस्ताव असा : संभाजीनगरकरांनी एकाच दिवशी १५० पिनबॉल मशीन घ्यावीत. घरात ठेवायची. हप्त्यावर.

ज्यांनी पिनबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर गोळ्या सोडायचा खेळ आठवतो का? त्याचा हा अमेरिकेत शिकून आलेला, इंग्रजी बोलणारा पुतण्या. काचेखाली साडेसहा अंशांचा उतार, त्यावर ८० ग्रॅमची पोलादी गोळी, दिवे, घंट्या, धक्के, आणि खाली दोन दांड्या. त्यांना फ्लिपर म्हणतात. गोळी खाली आली की फ्लिपरनं वर हाणायची, ती पुन्हा खाली येते, पुन्हा हाणायची. शेवटी ती दोन दांड्यांच्या मधून निसटतेच. फ्लिपर आले १९४७ मध्ये. त्याआधी गोळी सोडायची आणि नशिबावर हवाला ठेवून बघत बसायचं, एवढाच खेळ होता. त्यामुळे न्यूयॉर्कच्या महापौरांनी १९४२ मध्ये हा जुगार ठरवून बंद पाडला आणि फोटोग्राफर बोलावून स्वतःच्या हातानं घण घालून यंत्रं फोडली. बंदी उठली थेट १९७६ मध्ये. एका पत्रकारानं नगरपरिषदेच्या मंडळींसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवलं, की यात नशिबापेक्षा कसब जास्त आहे. आपल्याकडे महापौरांनी घण उचलण्याची भीती नाही. ते काम रस्ते खोदणारे करतात.

आता किमतीचं बघू. शिकागोच्या नावाजलेल्या कंपनीचं साधं मॉडेल सात हजार डॉलरच्या आसपास पडतं, म्हणजे सहा लाखांच्या घरात. त्यावर जहाजाचं भाडं, आयात शुल्क, जीएसटी, आणि शंभर किलोहून जड खोकं तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या हमालांची मजुरी. एकूण हिशेब एका चांगल्या ट्रॅक्टरच्या किमतीला भिडतो. ट्रॅक्टरचं आपण नंतर पाहू. ट्रॅक्टरवाल्यांना थांबायची सवय असते.

पैसे उभे करायचे दोन मार्ग आहेत. पहिला सात्त्विक. अमेरिकेत त्याला लेअवे म्हणतात. १९३०च्या दशकातल्या महामंदीत तो रूढ झाला. वस्तू पसंत करायची, थोडे पैसे भरायचे, दुकानदार ती बाजूला काढून ठेवणार. हप्ते पूर्ण झाले की वस्तू घरी. व्याज नाही, कर्ज नाही. वॉलमार्टनं ही पद्धत २००६ मध्ये बंद केली, लोकांचे हाल पाहून २०११च्या नाताळात परत आणली आणि २०२१ मध्ये पुन्हा गुंडाळली. त्या जागी आता ‘आधी न्या, मग भरा’ आलं आहे. एकूण काय, गिऱ्हाईक पैसे साठवत बसतं हे अमेरिकेलाही परवडेना.

आपल्या शहराला हा प्रकार नवा नाही. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला त्या काळात स्कूटर अशीच मिळायची. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. काही वर्षं. मुलाच्या मुंजीत नंबर लावलेली स्कूटर त्याच्या लग्नात दारात आली तर लोक म्हणायचे, वशिला दिसतो. त्या पिढीचा समज असा होता, की आधी पैसे साठवायचे, मग वाट बघायची, मग वस्तू येते, आणि मग ती रोज पुसायची. आजच्या पिढीत वस्तू आधी येते, पैसे नंतर जातात, आणि पुसायला वेळ नसतो, कारण तोवर नवं मॉडेल आलेलं असतं.

सात्त्विक मार्गाचे अवशेष सराफ्यात अजून सापडतात. अकरा महिने पैसे भरा, बारावा हप्ता सराफ घालणार, आणि मग दागिना घ्या. अकराच का? ज्योतिषाचा काही संबंध नाही. कंपन्यांच्या ठेवींबाबत २०१४चे नियम आहेत. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत माल देऊन चुकती केली नाही, तर ती ठेव धरली जाते आणि ठेवीचे सगळे नियम कंपनीच्या मानगुटीवर बसतात. म्हणून बायकोच्या पाटल्या कंपनी कायद्याला सांभाळून घडतात. दुसरा अवशेष म्हणजे भिशी. तिच्यासाठी १९८२चा चिट फंड कायदा आहे, पण कॉलनीतल्या भिशीत कायद्यापेक्षा कडक एक काकू असतात. त्यांच्यापुढे पिनबॉलच्या भिशीचा विषय काढला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हप्ते फिटेपर्यंत मशीन दुकानातच ना? मग तोवर खेळणार कोण, दुकानदार?”

सात्त्विक मार्ग तिथेच संपला. आता दुसरा, राजस.

निराला बाजारात कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा. विक्रेता वस्तूची किंमत सांगतच नाही, महिन्याचा आकडा सांगतो. “सर, फक्त एवढेच.” या ‘फक्त’मध्ये संसार बुडण्याची ताकद असते. वर ‘नो कॉस्ट’. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये परिपत्रक काढून बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्कात लपवू नका आणि गिऱ्हाइकाला फसवू नका. दुकानांनी हे परिपत्रक मनापासून पाळलं. पाटीवरचं ‘शून्य टक्के’ पुसलं आणि ‘नो कॉस्ट’ लिहिलं. रोख देणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही, याचा उच्चार दोन्ही पाट्यांवर नाही.

हप्त्यांवर दाब ठेवायला आपल्याकडे कायदाही झाला होता, बरं का. १९७२चा भाडे-खरेदी कायदा. संसदेनं मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, पुस्तकात छापला गेला, पण एक दिवसही अंमलात आला नाही. २००५ मध्ये तो रद्द केला. जन्मभर खोक्यातून बाहेर न काढता परत केलेलं यंत्र म्हणजे हा कायदा. त्याचे हप्ते कोणी भरले, ते सांगायची गरज नाही.

तेव्हा पिनबॉल हप्त्यावरच घ्यायचा. त्यात एक शैक्षणिक फायदा आहे. पिनबॉल आणि सिबिल या दोन्ही खेळांत सारा जीव गुणांत असतो. सिबिलचे गुण ३०० ते ९००. नियम विलक्षण आहे. ज्या माणसानं जन्मात कोणाकडून पैसा उसना घेतला नाही, त्याला गुणच नाहीत. असा माणूस बँकेत गेला, की त्याच्याकडे संशयानं पाहतात. जो घेतो आणि फेडतो, फेडतो आणि पुन्हा घेतो, तो गुणी. म्हणजे गोळी खाली जाऊ द्यायची नाही, सतत वर हाणत राहायची. पिनबॉलमध्ये ‘टिल्ट’ नावाची एक सोय आहे. गोळी वाचवायला खेळाडूनं यंत्र जास्त हलवलं, की दिवे विझतात, फ्लिपर मरतात आणि गोळी डोळ्यांदेखत खड्ड्यात जाते. हप्ता एकदा बाउन्स झालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

यंत्राची सजावट स्थानिक असावी, असा माझा आग्रह आहे. परदेशी मॉडेलांवर हॉलिवूडचे सिनेमे नि रॉक बँड असतात. आपण जालना रोड घेऊ. क्रांती चौकातून गोळी सुटेल. अमरप्रीतला अडेल, मोंढा नाक्याच्या पुलावर चढावं की खाली राहावं या विचारात तीन घंट्या वाजवेल, आकाशवाणीला सिग्नल तोडणाऱ्या रिक्षेवर आपटून दुप्पट गुण मिळवेल, सेव्हन हिल्सला खड्ड्यात जाईल, आणि नशीब असेल तर चिकलठाण्याला पोचेल. मर्सिडीजवाल्यांना हा खेळ शिकवावा लागणार नाही. ते वर्षानुवर्षं आत बसून खेळत आहेत.

काही कुजकट लोक विचारतील, की ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याचे दिवस लोकांनी काढले, तिथे पिनबॉल कशाला? उत्तर सोपं आहे. पिनबॉलला पाणी लागत नाही. शिवाय पाण्याची तजवीज शासनानं हप्त्यातच केली आहे. समांतर जलवाहिनीचं काम २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे गेलं आणि २०१६ मध्ये करार मोडला. मग १६८० कोटींची नवी योजना आली, तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, आणि पुढे आकडा २७४० कोटींवर गेला. जायकवाडी तिथेच आहे, पैठणही तिथेच आहे. पुढे सरकली ती फक्त रक्कम. गुण असे वाढावे लागतात. या काळात शहराचं नावही बदललं, पण औरंगाबादमध्ये काढलेलं कर्ज छत्रपती संभाजीनगरमध्ये फेडताना कोणाला एक रुपयाची सूट मिळाल्याचं ऐकिवात नाही. बँका इतिहासात पडत नाहीत.

आता ट्रॅक्टर.

२०१०च्या त्या मर्सिडीज खरेदीत स्टेट बँकेनं ४० कोटींहून अधिक कर्ज दिलं, ७ टक्के व्याजानं. त्याच डिसेंबरात पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये या गाड्यांशेजारी याच जिल्ह्यातला एक ट्रॅक्टर उभा केला. ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर मर्सिडीजच्या कितीतरी वर होता. पुष्कळांना राग आला, पण बँकेचं शास्त्र समजून घ्यायला हवं. व्याज हे जोखमीचं मोल असतं. मर्सिडीजवाला गाडी नसली तरी जगतो, म्हणून तो फेडणार. शेतकऱ्याला ट्रॅक्टरवाचून भागत नाही, म्हणजे त्याची परिस्थिती नाजूक आहे, म्हणजे जोखीम आहे, म्हणजे दर जास्त. पाऊस नाही आला तर त्याच्यामागे कोण धावणार? ज्याला गरज नाही त्याला स्वस्त आणि ज्याला गरज आहे त्याला महाग, हे अर्थशास्त्र एकदा पचलं की पिनबॉलइतकं सुरक्षित कर्ज जगात नाही. या यंत्रावाचून आजवर एकाही माणसाचं काही अडलेलं नाही.

तेव्हा नोंदणी सुरू होत आहे. पगार जमा होणाऱ्या खात्यावर ‘तुमचं कर्ज आधीच मंजूर आहे’ असा संदेश आला असेलच. त्यावर बोट टेकवा, काम झालं. सातबारा नको, आठ-अ नको, फेरफार नको, गावातल्या सगळ्या बँकांची बेबाकी नको, जमीन गहाण नको, जामीनदार तर नकोच. हे सगळे कागद ज्यांच्या पिशवीत आहेत, त्यांची खिडकी वेगळी आहे.

अट एकच. अर्जात ‘या यंत्रावर माझं पोट आहे’ असं कोणी चुकून लिहू नये. असा अर्ज ताबडतोब बाद होईल. पोट ज्या यंत्रावर असतं, त्याचा व्याजदर निराळा असतो.