खाऱ्या पाण्याची आस्थापना शाखा

घरात मासे असले की मन शांत राहतं, असं सांगणारी मंडळी बहुधा गप्पी पाळणारी असतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर बसून मन शांत होत नाही, सावध होतं. कोण कुणाच्या मागे लागलाय, कुणाचं शेपूट कालच्यापेक्षा तोकडं दिसतंय, जेवायला कोण बाहेर आलेला नाही, याची हजेरी घेण्यातच संध्याकाळ जाते.

मुलुंडला आमच्या गच्चीवरून मिठागरं दिसतात. आणि खाली घरात मी परदेशी मिठाची बादली फोडून समुद्र कालवत असतो. लिटरला ३५ ग्रॅम. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर पावणेसातशे लिटरच्या वर पाणी आणि जवळपास २४ किलो मीठ. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्लॅबच्या मजबुतीबद्दल वारंवार चिंता व्यक्त केली. ते बरोबर आमच्या खालीच राहतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच तात्त्विक नव्हतं.

या समुद्राचा कारभार मात्र माझ्याकडे नाही. तो बाबांकडे आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या बदल्या, बढत्या आणि खातेनिहाय चौकश्या यांत गेला. टाकीसमोर खुर्ची टाकून ते बसले की त्यांना मासे दिसतच नाहीत, कर्मचारी दिसतात.

सर्वांत ज्येष्ठ कर्मचारी म्हणजे डॅमसेल. दोन इंच लांबी, पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे, किंमत किरकोळ. चिवट असतो, पाण्यातल्या चढउताराला पुरून उरतो, म्हणून नव्या टाकीत आधी तोच सोडायची जुनी रीत आहे. कुर्ल्याचा दुकानदार पिशवीला रबर लावताना म्हणाला, ‘एकदम पीसफुल मछली है, साब.’ ते खरंच होतं. एकटा असेपर्यंत तो कमालीचा शांत होता. पण महिनाभर एकट्याने राहिल्यावर त्याची अशी समजूत झाली की सहा फुटांचा सातबारा आपल्याच नावावर आहे. काच पुसायला हात घातला तरी येऊन चावतो. चावा डासाएवढा, आविर्भाव शार्कचा. ‘पहिली नेमणूक कुणाची, ते फार जपून ठरवावं,’ बाबा म्हणाले. ‘पुढची तीस वर्षं तोच सांगतो, पूर्वी इथे असं नव्हतं.’

मग क्लाउनची जोडी आली. क्लाउन आणि डॅमसेल एकाच कुळातले, म्हणजे भाऊबंदकीची सोय निसर्गानेच करून ठेवलेली. नव्या माशाला थेट टाकीत सोडायचं नसतं. भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवून ती पेटी टाकीत टांगायची. जुन्यांना नवा दिसतो, पण त्याला हात लावता येत नाही. आमच्याकडे भाजी धुवायची जाळीची टोपली या कामी लागली, आणि स्वयंपाकघरातून तिची विचारणा अजून होते. डॅमसेल पहिल्या दिवशी त्या जाळीवर धडका देत होता, दुसऱ्या दिवशी येता-जाता एखादी, आणि पुढे जेवणाच्या वेळेखेरीज त्याने तिकडे बघणंही सोडलं. बाबांनी या टोपलीला ‘परिविक्षा कालावधी’ म्हटलं.

सुटकेच्या दिवशी आणखी एक युक्ती करायची. टाकीतले सगळे दगड हलवायचे. (दगड म्हणजे सिरॅमिकचे, खरे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंगतीला बसतात, त्यामुळे त्यांचा विचारही करायचा नाही.) मग सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं, दिवे घालवायचे आणि अंधारात नव्याला सोडायचं. सकाळी दिवा लागतो तेव्हा जुन्या माशाची कपारच जागेवर नसते. हद्द कुठून कुठपर्यंत, हेच आठवत नाही, मग दुसऱ्याला हाकलायचं कुठून? ‘विभागाची पुनर्रचना,’ बाबा म्हणाले. ‘कामात काही फरक पडत नाही. पण टेबलं शोधण्यात लोक दोन महिने गुंततात आणि तक्रारी बंद होतात.’

क्लाउनच्या घरात मात्र बाबांना मनापासून आदर वाटावा असा प्रकार निघाला. जोडीतली मोठी ती मादी. तिचा शब्द अखेरचा. नर तिच्यासमोर आला की अंग तिरकं करून थरथरतो. ही त्याची शरणागतीची रीत. कळपात आणखी धाकटे असले तर ते नरही नाहीत आणि मादीही नाहीत, नुसते उमेदवार. मादी मेली की नराची मादी होते, आणि उमेदवारांतला थोरला नर होतो. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बढतीसाठी एवढी तयारी आमच्याकडे कुणी दाखवली नाही. विभागीय परीक्षेला बसा म्हटलं तरी मेडिकल टाकायचे.’

सगळ्यांत भांडखोर मासा शेवटी आणावा, हा या छंदातला पहिला धडा. म्हणून पावडर ब्लू टँग उशिरा आला. आकाशी अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळीधमक झालर. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही अंगांना एकेक पातं असतं, धारदार, एरवी खाचेत मिटलेलं. याच पात्यांमुळे या कुळाला सर्जनफिश म्हणतात. हा दिवसभर चरणारा प्राणी. पोट रिकामं राहिलं की त्याला पात्याची आठवण होते. म्हणून काचेला चिमट्याने नोरी लावायची, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते वाळवलेलं समुद्री शेवाळ. आमच्या घरात जपानी जेवण फक्त त्यालाच मिळतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग धाकट्या मुलीने हट्ट धरून आणखी एक टँग आणवला: कन्व्हिक्ट, फिकट अंगावर कैद्यासारखे उभे काळे पट्टे. टोपलीची मुदत संपवून तो बाहेर आला आणि निळ्याने झालर ताठ उभारली. आडवा झाला, शेपटीची बाजू पुढे केली आणि पातं मोकळं करून त्याच्याशी समांतर पोहू लागला. क्लाउन शेजारून गेले, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राग फक्त पट्टेवाल्यावर. ‘गुन्हा कुणाचा आणि पट्टे कुणाच्या अंगावर,’ बाबा म्हणाले.

मी बाबांचा दाढीचा आरसा आणला आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या बाहेरून चिकटपट्टीने लावला. निळा तिकडे गेला आणि त्याला साक्षात त्याच्याच उंचीचा, त्याच्याच रंगाचा, तितकाच उर्मट प्रतिस्पर्धी भेटला. याने झालर उभारली, त्याने उभारली. याने पातं दाखवलं, त्यानेही दाखवलं. दिवसभर हा सामना बरोबरीत सुटत राहिला. तेवढ्यात पट्टेवाल्याने कपार बघितली, नोरीची चव घेतली आणि बस्तान बसवलं. आरसा रोज थोडा वेळ, मग एक दिवसाआड, मग बंद. मधल्या काळात बाबा न्हाणीघरातल्या आरशात वाकून दाढी करत होते. पण काम सरकारी असल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

प्रवाळातले मासे आपल्यासारख्यावरच का तुटून पडतात, यावर कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने बराच विचार केला होता. आक्रमकतेवरचं त्याचं १९६३ सालचं पुस्तक याच रंगीत माशांपासून सुरू होतं. पुढे १९७३ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. त्याचं म्हणणं साधारण असं, की जो आपल्यासारखा दिसतो तो आपलंच अन्न खाणार आणि आपलीच जागा मागणार; त्याला पांगवलं की प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसा खडक येतो. भडक रंग म्हणजे लांबून वाचता येणारी पाटी. मी हे उत्साहाने बाबांना सांगितलं. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. ‘शिपायाचं कलेक्टरशी कधी भांडण झालेलं पाहिलंयस? कारकुनाचं कारकुनाशीच होतं. केडर एक असली पाहिजे.’

राहता राहिला डॅमसेल. त्याची सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या हौदात, बदली करायचं ठरलं. जाळीने तो सापडत नाही, म्हणून पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून, उलटं बसवून, आत कोळंबीचा तुकडा ठेवून सापळा केला. त्यात क्लाउन अडकला, पट्टेवाला अडकला, साफसफाई करणारी कोळंबी तर मुक्कामालाच राहिली. डॅमसेल बाहेर राहून, एका डोळ्याने आत बघत होता. ‘चौकशीत नेहमी साक्षीदारच सापडतात,’ एवढं बोलून बाबांनी बदलीचा प्रस्ताव फाइल केला. डॅमसेल अजून आहे तिथेच आहे.

परवा कुर्ल्याहून फोन आला. यलो टँग आलाय, एकदम पीसफुल. मी विचारलं, खातो काय, झोपतो कुठे, दिसतो कुणासारखा? दुकानदार म्हणाला, साब, नेचर तो पूछो. म्हटलं, नको. स्वभाव पिशवीत असेपर्यंत सगळ्यांचाच चांगला असतो.