वाईच भाईर थांबा

कोल्हापुरात राहून पिशवीतलं दूध पिणं म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाचा फोटो पुजणं, असं आमच्या शेजाऱ्यांचं मत. ते स्वतः संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात, समोर पिळलेल्या म्हशीचा फेसाळ पेला उभ्या उभ्या रिकामा करत आणि मिशी न पुसता जिना चढत. पुरावा म्हणून. मी पुण्याहून बदलीवर आलेला, त्यामुळे फ्रीजमध्ये पिशवी असणं हीच माझी समृद्धीची कल्पना. शेवटी माझी दया येऊन त्यांनी करवीर तालुक्यातल्या आपल्या एका मावशींचा पत्ता दिला. चार म्हशी, दीड एकर ऊस आणि घरचीच माणसं.

पहिल्या दिवशी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वर थोडा सेंट मारून पहाटे साडेपाचला गोठ्यात हजर झालो. मावशी शेवंताच्या कासेला बसल्या होत्या. शेवंता पंढरपुरी, तिची शिंगं मागे खांद्याच्याही पलीकडे गेलेली, तलवारी म्यानात घालायचं विसरल्यासारखी. तिनं मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पान्हा चोरला. मावशींनी कासंडी खाली ठेवली.

"पावनं, वाईच भाईर थांबा. वासानं बिचकतीया."

यात शेवंताचा नखरा नव्हता, हे मला नंतर कळलं. रेडकाची ढुसणी, ओळखीचा हात, समोर आलेलं आंबोण, एवढं जुळून आलं की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध सडात उतरतं. तेवढ्यात ती दचकली की ॲड्रेनलिन आडवं येतं आणि सगळा कारभार ठप्प. दूध कासेत असतं, पण मिळत नाही. आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच फायलींचं असंच आहे, तिथंही आंबोण लागतं.

तर मी बाहेर, गोबरगॅसपाशी. पुढचे कित्येक रविवार माझी जागा तीच. पण त्यामुळे गोठ्याचं खरं कामकाज पाहायला मिळालं, कारण ते आतल्यापेक्षा बाहेरच जास्त चालतं. चार म्हशींचं शेण रोज पन्नास-साठ किलो तरी निघतं. ते पाण्यात कालवून टाकीत जातं, आणि त्यातून निघालेल्या गॅसवर घरातल्या पाच माणसांचा चहा, भाकरी नि रस्सा होतो. उरलेली स्लरी पाटानं उसात. ऊस कारखान्याला, पण त्याचं वाढं परत म्हशीला. नुसतं वाढं मात्र चालत नाही. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम धरून बसतं, म्हणून घरातले मामा त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. मला हे समजावून सांगताना त्यांच्या तळहातावर तंबाखू होती. म्हणाले, "चुना मला बी लागतोय, तिला बी लागतोय."

मी भारावून म्हणालो, "मामा, तुमचा गोठा अगदी शाश्वत आहे."

"कशाचा शाश्वत? गेल्या साली अर्धी भिंत पडली."

उन्हाळ्याच्या शेवटाला एका रविवारी मी किटली पुढे केली, तर मावशी म्हणाल्या, "आज दूध न्हाई."

"उद्या?"

"उद्या बी न्हाई. शेवंता आटवली. दुसरी बी गाभण हाय. हाय त्यात नातवाचं भागतंय, आनि शेजारच्या म्हातारीचं."

पैसे हातात असताना एखादी गोष्ट न मिळण्याची मला सवय नव्हती. म्हशी बऱ्याचशा पावसाळ्यात-थंडीत वितात, व्यायच्या आधी दोनेक महिने त्यांना आटवावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात दूध आटतं. डेअरीवाल्यांनी याला पुष्टकाळ आणि कृशकाळ अशी भारदस्त नावं ठेवली आहेत. १९७० साली दूधमहापूर योजना आली, गावोगावचं दूध शहरांकडे वाहू लागलं, थंडीतलं जास्तीचं दूध भुकटी होऊन उन्हाळ्यात कामी येऊ लागलं. फार मोठं काम झालं, शहरातली पोरं त्यावर वाढली, मीही त्यातलाच. पण त्यामुळे म्हैस भाकडही असते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. पिशवीवर गाय, म्हैस, फॅट सगळं छापलेलं असतं. 'सध्या गाभण' असं कधी वाचल्याचं आठवत नाही.

घरी पुन्हा पिशवी सुरू झाली. रविवारी मात्र पाय तिकडेच वळायचे. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आठवडाभराची भाज्यांची सालं, देठ, कोबीची पानं असं न्यायला लागलो. दूध आणणारा नवरा आता कचरा घेऊन जातो, यावर बायकोनं काही न बोलता पिशव्या बांधून द्यायला सुरुवात केली. सेंट केव्हाच सुटला होता. शेवंता माझ्या हातची कोबीची पानं खायची आणि खाताना दुसरीकडे बघायची.

श्रावणात फोन आला. शेवंता व्याली, वगार झाली. चीक न्यायला बोलावलं होतं. मी पाकीट काढलं, तर मावशी जवळजवळ रागावल्या. "चिकाचं कुनी पैसं घेतं व्हय?" किटली मात्र परत आणताना मोकळी आणू नका, असंही बजावलं. घरी खरवस झाला. शेजाऱ्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि आपल्या पत्त्याचं मोल वसूल झाल्यासारखी मान डोलावली.

पुढच्या रविवारी किटलीत गुळाचा खडा घालून, जुना शर्ट घालून, ओळखीच्या माणसाच्या तोऱ्यात मी सरळ गोठ्यात शिरलो. शेवंतानं फुस्स केलं आणि वगारीला पाठीशी घातलं.

"पावनं, भाईर थांबा," मावशी म्हणाल्या. "आता ती कुनालाच जवळ येऊ देत न्हाई."

बाहेर आलो, तर गोबरगॅसपाशी मामा आधीच उभे होते. त्यांनी जरा सरकून मला जागा करून दिली.