कप्तानसाहेब, तुमचं वय छत्तीसच!

प्रति,
कप्तानसाहेब,
26 मेंढ्या व 10 शेळ्या असलेले जहाज,
मुक्काम समुद्र.

विषय : आपले वय 36 वर्षे असल्याची नोंद कायम करणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. तुमची आमची भेट नाही, तुमचा जन्मदाखला आम्ही पाहिलेला नाही, तरी तुमचं वय आमच्या दफ्तरी पक्कं आहे. रीत अशी : 26 + 10 = 36. उत्तर : कप्तानाचे वय 36 वर्षे. 'वर्षे' लिहिलं नसतं तर अर्धा गुण कापला असता, म्हणून मुद्दाम लिहिलं आहे.

हे पत्र मी सहावी ते आठवीच्या गणित प्रश्ननिर्मिती गटाचा एक सदस्य या नात्याने लिहीत आहे. तुमच्या घराण्याचा इतिहास आम्ही अभ्यासला आहे. 1840च्या दशकात गुस्ताव फ्लोबेर या फ्रेंच लेखकाने आपल्या बहिणीला, कॅरोलीनला, थट्टेने एक कोडं घातलं. जहाज, त्यावरचा माल, मोडलेली डोलकाठी, प्रवासी, वारा, घड्याळातली वेळ असा सगळा तपशील पुरवून शेवटी विचारलं, की कप्तानाचं वय किती? लेखकच तो, त्याला गुणदान योजना कुठून ठाऊक असणार! पुढे 1979-80च्या सुमारास ग्रनोब्लच्या गणितशिक्षण संस्थेतल्या मंडळींनी हीच गंमत मेंढ्या-शेळ्यांसकट 97 लहान मुलांना घातली. वयं सात ते नऊ. त्यांतल्या 76 जणांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी क्रिया करून तुमचं वय काढलं. स्टेला बारूक या बाईंनी 1985 साली 'कप्तानाचं वय' याच नावाचं पुस्तक लिहून बराच गहजब केला. आमच्या गटाला गहजबाचं कारण कळलं नाही. 97 पैकी 76 हा निकाल कुठल्याही केंद्रप्रमुखाला आवडेल. चिंता करायचीच तर उरलेल्या 21 मुलांची. त्यांना प्रगत म्हणायचं की अप्रगत?

तुमचे एक जमिनीवरचे भाऊबंदही आहेत. मेंढपाळ. त्यांच्याकडे 125 मेंढ्या आणि 5 कुत्री, आणि त्यांचंही वय विचारलं जातं. एका मुलाने केलेला विचार गणितशिक्षणाच्या अभ्यासात नोंदलेला आहे. बेरीज केली तर 130, एवढा म्हातारा माणूस नसतो. वजाबाकी केली तर 120, तेही जास्तच. भागाकार केला तर 25. हे जमतं, म्हणजे मेंढपाळ 25 वर्षांचा. बघा, मूल निर्बुद्ध नाही. उत्तर पडताळून पाहतंय, व्यवहाराशी ताळा घालतंय, अशक्य ते खोडतंय. 'उपयोजन' या उद्दिष्टाखाली आम्ही जे जे मागतो ते सगळं त्याने केलं. प्रश्नाला उत्तरच नसेल, एवढी एकच शक्यता त्याला सुचली नाही. ती आम्ही त्याच्यापासून पहिलीपासून जपून दूर ठेवली आहे.

याचं श्रेय आम्हांला मिळत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. शाब्दिक उदाहरण लिहिताना आमच्याकडे काही शिस्त पाळली जाते. दिलेला एकही आकडा वाया जाता कामा नये. मुलाने सगळे आकडे वापरले की आपलं काम झालं असं समजून त्याने पेन खाली ठेवावं. कोणती क्रिया करायची हे प्रकरणाच्या नावावरून कळलं पाहिजे. व्यस्तप्रमाणाच्या सरावसंचात समप्रमाणाचं एखादं उदाहरण घुसडलं तर मुलाला उदाहरण वाचावं लागेल, आणि 40 मिनिटांच्या तासिकेत वाचत बसलं तर पोर्शन कधी संपणार? उत्तरही नीटस यावं. मजूर अपूर्णांकात आले, की सातवीतलं मूल आपलं काहीतरी चुकलं हे ओळखून मागे फिरतं. हे सगळं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही, तरी राज्यातल्या कानाकोपऱ्यातल्या गाइडात आणि अपेक्षित प्रश्नसंचात ते काटेकोर पाळलेलं दिसेल. मूल हे नियम कोणी न सांगता शिकतं. बाकी कुठलीच अध्ययन निष्पत्ती आम्हांला इतकी शंभर टक्के साधलेली नाही.

परवाच्या कार्यशाळेत मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंनी घोळ घातला. शेकडा नफा-तोट्याचा प्रश्न करताना म्हणाल्या, "सर, खरेदी किंमत देऊच नका. दुकानदाराने सायकल 4800 रुपयांना विकली, तर नफा किती, एवढंच विचारा. मुलं काय लिहितात ते बघू."

आधी सगळे हसले. बाई गंभीर आहेत हे कळल्यावर प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता पुढे आला. हा प्रश्न ज्ञानाचा, आकलनाचा, उपयोजनाचा की कौशल्याचा? सोपा, मध्यम की कठीण? उत्तर 'सांगता येत नाही' असेल तर दोन गुण कसे वाटायचे, 'सांगता'ला एक आणि 'येत नाही'ला एक? एक ज्येष्ठ सर म्हणाले, की पालक पेपर घेऊन शाळेत येतील, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर 'सातवीच्या गणिताच्या पेपरात घोडचूक' असं फिरेल. ते अगदी खरं होतं. बाई तरी अडून बसल्या. त्यांचं म्हणणं, खरेदी किंमत हवी हे ज्या मुलाला खटकलं त्याला नफा-तोटा कळला, आणि सूत्रात आकडे भरून दहा गणितं सोडवणाऱ्याला तो कळला की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणणं पटण्यासारखं होतं, त्यामुळे चर्चा तिथेच थांबवण्यात आली.

आता कप्तानसाहेब, आमच्या व्यवस्थेतली खरी मेख ऐका. आपल्याकडे प्रश्नाला उत्तर नसणं म्हणजे छपाईची चूक. पेपरात चुकीचा प्रश्न आलाच, तर 'ज्यांनी तो सोडवण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना गुण द्यावेत' असं सहसा ठरतं. म्हणजे ज्याने 26 आणि 10 मिळवून तुमचं वय काढलं त्याला पूर्ण गुण. ज्याने विचार केला, माहिती अपुरी आहे हे ओळखलं आणि जागा कोरी सोडली, त्याला शून्य. मधे दोन वर्षं पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं बांधून दिली होती, 2025-26पासून ती बंद झाली. कोऱ्या जागेचं आमच्या मनात काय स्थान आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

चीनमध्ये 2018च्या जानेवारीत नानचोंग शहरातल्या पाचवीच्या पेपरात तुम्हीच आला होता, त्याच 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या घेऊन. गदारोळ झाला. मुलांची चिकित्सक वृत्ती तपासायची होती, असं तिथल्या शिक्षण खात्याने सांगितलं. एका हुशार माणसाने इंटरनेटवर जनावरांचं एकूण वजन काढलं, एवढा माल नेणारं जहाज चालवायला किती वर्षांचा परवाना लागतो ते शोधलं आणि कप्तान किमान 28 वर्षांचा असल्याचं सिद्ध केलं. आमच्या गुणदान योजनेत त्याला शून्य. उत्तरसूचीत 28 नाही.

तुम्ही जनावरं वाहता, अमेरिकेत सैनिक वाहायचे होते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं, की एका बसमध्ये 36 सैनिक मावतात, 1128 सैनिक न्यायचे आहेत, तर बस किती लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी, म्हणजे एकूण मुलांपैकी 29 टक्क्यांनी, उत्तर लिहिलं, '31, बाकी 12'. आणखी 18 टक्क्यांनी 31 लिहून बारा सैनिकांना सरळ रस्त्यावर सोडलं. 32 बस मागवणारे 23 टक्केच. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, की भागाकार बरोबर आहे ना, मग दोनपैकी दीड द्या. मी त्यांना मनातल्या मनात सलाम केला. बस ही भूगोलाची बाब आहे.

तिथलीच आणखी एक चाचणी, 1978 सालची. 12/13 + 7/8 याचं उत्तर अंदाजे किती? अचूक बेरीज मागितलेलीच नव्हती. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळचे, म्हणून उत्तर 2. तेरा वर्षांच्या मुलांपैकी 24 टक्क्यांनी 2 निवडलं. निम्म्याहून जास्त मुलं 19 किंवा 21वर गेली, कारण अंशांची बेरीज 19 होते आणि छेदांची 21. इथे पर्याय लिहिणाऱ्याचं कसब बघण्यासारखं आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजाचा पत्ता सांगतो. पेपर तपासताना कुठल्या मुलाला पुन्हा कुठून शिकवायचं ते दिसतं. आम्ही पर्याय कसे लिहितो? बरोबर उत्तर 12.5 असेल तर 12.4, 12.6 आणि चौथा सुचला नाही म्हणून 125. मूल कुठे घसरलं हे त्यातून कळत नाही, आणि आम्हांलाही ते भरायला रकाना नाही. रकाना गुणांचा असतो. वर्गशिक्षकाने गुण भरले की वरच्या कार्यालयाला तालुक्याची सरासरी कळते, आणि पोराच्या डोक्यातली 19 आणि 21 पुढच्या इयत्तेत सुखरूप जातात.

शिवाय त्या अमेरिकन पेपरात पाचवा पर्याय होता, 'मला माहीत नाही'! परीक्षेत असं छापील कबूल करायची सोय! तोही तुमच्या प्रकरणात उपयोगाचा नाही म्हणा. 'मला माहीत नाही' ही मुलाची तक्रार झाली. 'यावरून कोणालाच कळणार नाही' ही प्रश्नाविरुद्धची तक्रार. दुसरीसाठी आम्ही पर्याय छापला तर प्रश्न काढणाऱ्यांची मान कुठे राहील?

बरोबरच्या चिन्हाचीही गंमत कळवतो. 8 + 4 = □ + 5. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहावीच्या 145 मुलांना हे दिलं, आणि 145च्या 145 जणांनी चौकटीत 12 किंवा 17 लिहिलं. 7 कुणीही नाही. कारण त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही'. आपल्याही स्वाध्यायांत चौकट बहुतेकदा चिन्हाच्या उजवीकडे, ओळीच्या टोकाला बसलेली असते. असे स्वाध्याय सोडवलेली मुलं मग सहावी-सातवीत समीकरणं शिकतात, आणि दोन्ही बाजूंतून सारखीच संख्या वजा का करायची हे त्यांना जादूच्या प्रयोगासारखं पाठ करावं लागतं. पहिलीतल्या स्वाध्यायपुस्तिकेत एखाद्या पानावर 7 = □ + 3 असं उलटं छापायला खर्च शून्य आहे. म्हणूनच कदाचित कोणी प्रस्ताव पाठवत नसेल.

आमची ही परंपरा परदेशातून आली असं मात्र समजू नका. टाकी आणि नळांचं उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावतीतच आहे, 1150 सालचं : चार झरे, एक कुंड एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा तृतीयांश, चौथा षष्ठांश दिवसात, चौघे एकदम सोडले तर किती वेळ? दिवसाचा बारावा भाग. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा 1207चा शिलालेख आहे. त्या काळी हंस, भ्रमर, मोर, साप असे बरेच जीव गणितात कामाला होते. आम्ही त्यांना निवृत्त करून त्यांच्या जागी 'एक व्यापारी' नेमला. तो 20 टक्के नफ्याने वस्तू विकतो, 10 टक्के सूट देतो, आणि आजवर कुठल्या मुलाने त्याला दुकानाचं भाडं विचारलेलं नाही.

आकारिक मूल्यमापनाबद्दल विचाराल, तर तिथे आम्ही खरे मोकळे आहोत. मुलांचं निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. त्यांच्या छापील पुस्तिका बाजारात मिळतात. 'गणितीय क्रिया आत्मविश्वासाने करतो' ही नोंद तुमचं वय काढणाऱ्या मुलांना शब्दशः लागू पडते, याची तुम्ही खातरी बाळगा.

तर विनंती अशी. पुढच्या सत्राच्या शिक्षक मार्गदर्शिकेत तुमचा चौरंगी फोटो घालायचा आहे, मेंढ्यांसह. सोबत वय 36 असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. प्रत्यक्षात ते वेगळं असेल तर मेंढ्यांची संख्या कमी-जास्त करून घ्यावी. उत्तरसूची छापायला गेली आहे.

आपला नम्र,
एक सदस्य, प्रश्ननिर्मिती गट
(गणित, इयत्ता सहावी ते आठवी)

ता. क. : फोटोखाली जहाजाची लांबीही छापणार आहोत. मोजताना जहाजाचं टोक पट्टीवरच्या शून्यालाच लावावं, मधेच कुठेतरी ठेवू नये. 2023च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी जवळपास 85 टक्क्यांना शून्यापासून ठेवलेल्या वस्तूची लांबी सांगता आली. वस्तू पुढे सरकवली तेव्हा हे प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. वस्तू सरकवायची कल्पना कुणाची होती ते आम्ही शोधत आहोत.