आणायला जाणारे मामा

नागपुरातल्या प्रत्येक गोतावळ्यात एक गृहस्थ असे असतात, की घराची गच्ची गळू लागली असता त्यांचा सल्ला कोणी घेत नाही, शेताच्या वाटणीचे कागद उघडले की त्यांना पानसुपारी आणायला पिटाळण्यात येते आणि लग्नाच्या याद्या होतात तेव्हा त्यांच्या सहीवाचून कोणाचे काही अडत नाही. परंतु मुंबईच्या भाचीला दिवस गेल्याची कुजबुज धरमपेठेतून महालात पोचण्याचा अवकाश, की याच उपेक्षित गृहस्थांना पाटावर बसवून चहाबरोबर चिवडाही विचारला जातो. यांना 'आणायला जाणारे मामा' म्हणतात. ते नात्याने मामाच असतील असे नव्हे. एका घरात तर ते आत्याचे चुलतदीर निघाले. पण पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी सुखरूप आणण्याचा हुद्दा एकदा पदरी पडला, की मनुष्य तहहयात मामा होतो.

१८६७ साली जी.आय.पी. रेल्वे नागपूरला आली ती वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी, असे इतिहासाचे पुस्तक सांगते. मामांच्या मते ती लेकी वाहून नेण्यासाठी आली. तत्पूर्वी दमणी जुंपून जेथवर जाता येईल तेथवरचीच स्थळे पाहायची, असा सुटसुटीत कारभार होता. पुढे १९५६ साली नागपूरचा राजधानीचा मान गेला, नोकऱ्या मुंबईला गेल्या, नोकऱ्यांमागून जावई गेले, जावयांमागून पोरी गेल्या, आणि आठशेहून अधिक किलोमीटरची ही येरझार आपल्या कपाळी आली, असा त्यांचा सिद्धांत आहे. राज्यपुनर्रचनेचा इतका घरगुती अर्थ कोणत्याही आयोगाच्या अहवालात सापडणार नाही.

मामांच्या अधिकाराचे खरे मूळ मात्र आरक्षणाच्या नियमात होते. डोहाळजेवण सातव्यात उरकून लगेच निघायचे, कारण आठव्यात प्रवास वर्ज्य. आणि खालचा बर्थ हवा, तर रेल्वेची खिडकी १२० दिवस आधी गाठायची. सातव्यातून चार महिने वजा करा, म्हणजे हिशेब तिसऱ्या महिन्यावर येतो, आणि तिसरा संपेपर्यंत तर शेजारणीपाशीही वाच्यता करायची नाही, हा आपल्याकडचा दंडक. परिणामी, जी वार्ता भाचीच्या सासूलाही अद्याप रीतसर कळलेली नसे, ती मामांच्या डायरीत गाडीच्या क्रमांकासह नोंदलेली असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली, तेव्हापासून शुभवार्ता त्यांना चारचौघांबरोबरच कळते, आणि रेल्वेने प्रवाशांच्या सोयीच्या नावाखाली आपले एक वतनच खालसा केले, असे ते उघड बोलून दाखवतात.

भाची हिंजवडीची असो की ठाण्याची, ती हल्ली संगणकाच्या कंपनीत मोठ्या पगारावर असते आणि या मोहिमेची तिला तिळमात्र आवश्यकता वाटत नाही.

"मामा, डॉक्टरांचं पत्र घेऊन मी विमानानं आले असते. दीड तास लागतो फक्त."

"विमान मधात कुठं थांबते का, बाई? तुले काही वाटलं, तर उतरवू कुठं? अन् वर आपलं कोण आहे?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही विमान कंपनीपाशी नाही. उलटपक्षी मामांच्या डायरीत मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा अशा प्रत्येक स्टेशनापुढे एकेका आप्ताचे नाव असते: अकोल्याला वहिनीचे भाऊ, जठारपेठेत, बडनेऱ्याला कोणी नाही, पण अमरावतीहून साडू अर्ध्या तासात येऊ शकतात. यांपैकी अनेकांना आपण या बंदोबस्तात तैनात असल्याची वार्ताही नसते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाल्यावर एका जावयाने मोटारीचा प्रस्ताव मांडला होता. मामांनी त्यास एवढेच विचारले, की त्या रस्त्यावर आपल्या नात्यातले कोण राहते. जावयाने पुन्हा विषय काढला नाही.

विदर्भ एक्सप्रेसमध्ये मामा रात्रभर डोळा लावत नाहीत, निदान घोरणे थांबले की तसे सांगतात. पहाटे बडनेरा गेले, की त्यांची चुळबुळ सुरू होते. कारण धामणगावच्या पुढे, पुलगावच्या अलीकडे, वर्धा नदी आडवी येते. गरोदर बाईने नदी ओलांडू नये असे वडीलधारे सांगत, आणि नदी ओलांडल्यावाचून तर नागपूर येत नाही. तेव्हा पाण्यात पैसा टाकून नदीची समजूत घालण्याची तडजोड मामांच्या आजोबांनी काढली. वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही हा घोटाळा नंतरचा. म्हणून पुलाच्या आधीच मामा दोन रुपयांचे नाणे मुठीत धरून, चहावाल्याला बाजूला सारून दारापाशी उभे राहतात. दाराच्या पट्टीवर आपटून नाणे डब्यात परत येते, ते हुडकून पुन्हा फेकेपर्यंत पूल संपलेला असतो आणि नाणे पलीकडल्या काठावरच्या रुळांत जाते. "पोचलं," असे सांगून मामा जागेवर येतात. भाची तोवर लॅपटॉपवर कोणत्या तरी बैठकीत असते, आणि मे महिना असल्यास ऊन लागू नये म्हणून त्या लॅपटॉपच्या पिशवीत मामांनी कधीच एक पांढरा कांदा सरकवलेला असतो.

नागपूर स्टेशनच्या फलाटावर मात्र हे साम्राज्य एकाएकी अस्तास जाते. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली स्थापिलेल्या सीताबर्डीच्या मातृसेवा संघात मामांचा स्वतःचा जन्म झाला. त्याखेरीज कोणत्याही प्रसूतिगृहाच्या आतल्या दालनाशी त्यांचा संबंध आला नाही. डिंक कोणी कुटावा, अळीव किती भिजवावेत, कूलरला वाळ्याच्या ताट्या नव्या लावाव्यात की जुन्याच झटकून घ्याव्यात, या सर्व चर्चा त्यांना वगळून होतात. प्रत्यक्ष कळांच्या रात्री ते बाकावर बसून, ज्याला त्याला, गाडी चाळीस मिनिटे आधी आली होती, असे सांगत असतात.

त्यांचा पुनरुद्धार होतो तो बाळंतीण परत निघते तेव्हा. येताना एक पिशवी असलेल्या मुलीबरोबर आता सहाण, बाळगुटीची डबी, वेखंड, दुपटी, झबली आणि बारा डबे लाडू असतात. मामा गाडी सुटण्यापूर्वीच आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्याची झोळी समोरासमोरच्या वरच्या बर्थांच्या साखळ्यांना बांधतात. गाठ अशी, की कसाऱ्याच्या घाटात ती आवळत जाते आणि कल्याणला एका हिसक्यात सुटते. २०२२ च्या मे महिन्यात लखनऊ मेलमध्ये तान्ह्या मुलांसाठी जोडबर्थ बसवला, ही बातमी मामांनी वाचली, आणि रेल्वेला लुगडे सुचायला इतकी वर्षे लागली, एवढा अभिप्राय देऊन वर्तमानपत्राची घडी घातली. तिकीट तपासनीस झोळीखालून वाकून जाऊ लागला, की मामा उठून उभे राहतात.

"पाच वर्षांच्या आतलं आहे. तिकीट लागत नाही."

तपासनीसाने विचारलेले नसते. बाळ तीन महिन्यांचे, टोपड्यातून जेमतेम नाक बाहेर. तरी मामा आतल्या खिशातून जन्मदाखला काढून, घडी उलगडून, त्याच्यासमोर धरतात.

नुकतेच गोतावळ्यात एक लग्न झाले. आहेराच्या रांगेत मामांचा क्रम आला, त्यांनी पाकीट दिले, अक्षता टाकल्या, आणि छायाचित्रकार थांबला असता नववधूकडे किंचित वाकून विचारले, "आधारवर नाव माहेरचं ठेवशील का सासरचं? आत्ताच सांगून ठेव, मंग तिकिटाच्या टायमाले घोळ होते."